दिसतं ते सांग

कॅनडातल्या आमच्या सडबरीचं नाव घेतलं, की बाहेरचा माणूस एकच थट्टा करायचा. "तुमचं गाव इतकं ओसाड, की चंद्रावर जाणारे लोक सरावाला तिथं आले होते म्हणे!" टोरंटोला नणंदेच्या लग्नात जा, नाहीतर हॉकीच्या सामन्याला दुसऱ्या गावी जा, कुणीतरी हे वाक्य काढणारच. आणि आम्ही कसनुसं हसणार. कारण त्यात खोटं काही नव्हतं. मी शाळकरी होते तेव्हा ते लोक खरंच आले होते, डोक्यावर टोप्या आणि हातात हातोडे घेऊन. आणि त्या काळी निकेल वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या धुरानं आमचे डोंगरही खरंच काळेठिक्कर पडले होते. गवताची काडी उगवत नव्हती. पुढं सगळ्या गावानं मिळून डोंगरांवर चुनखडीची भुकटी पसरली, पाइनची रोपं लावली. एका उन्हाळ्यात मीही पाठीला पोतं बांधून रोपं लावत हिंडले आहे. डोंगर हिरवे झाले, रानातल्या निळ्या बेरी पुन्हा धरायला लागल्या, पण ती थट्टा काही वाळली नाही.

मी लॉरेट पेल्टिए. शाळेची पिवळी बस चालवते. खाणीकडच्या वस्त्यांतली पोरं गोळा करायची, शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची. उणे तीस असो नाहीतर रस्त्यावर अस्वल येऊन बसो, बस निघालीच पाहिजे. पोरं मला लॉरेटमावशी म्हणतात. काही पोरांच्या आयांनाही मीच शाळेत नेलं होतं, त्यामुळं माझ्यासमोर फार शहाणपणा करायची कुणाची छाती होत नाही.

ओडेट गॉद्रो सोडून.

ओडेट ही रेजाँ गॉद्रोची मुलगी. रेजाँ खाणीत ड्रिल चालवायचा आणि माझा नवरा गास्ताँ त्याच खाणीची लिफ्ट, म्हणजे रेजाँसारख्यांना खाली सोडायचं आणि शिफ्ट संपली की वर ओढायचं काम त्याचं. त्यामुळं दोन्ही घरांचं येणंजाणं होतं. रेजाँ दिवसभरात दहा वाक्यं बोलेल तर शपथ. लेक मात्र बोलायला लागली की थांबायची नाही. रेडिओवर हॉकीच्या सामन्याचं धावतं वर्णन करतात ना, तसं तिला दिसेल त्याचं वर्णन करायची खोड होती. मागच्या बाकावर गोंधळ नको म्हणून मी तिला माझ्या पाठीमागच्या सीटवर आणून बसवलं, आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. आता सगळं वर्णन माझ्याच कानात.

"आणि ओयालाबाई घराबाहेर पडल्या आहेत! हातात फावडं. उजव्या पायात नवऱ्याचा बूट, डाव्या पायात स्वतःचा. कुत्रा मागून येतोय, बाई वळल्या, अरेरे, फावडं सटकलं, आणि कुत्र्याचा गोल!"

"ओडेट, तोंड मिट."

"मावशी, खिडकीबाहेर बघ तरी एकदा."

"मी समोर बघते म्हणून तू जिवंत आहेस."

सगळी बस हसायची. शाळेत मात्र ह्या तोंडापायी तिला रोज वर्गाबाहेर उभं राहावं लागे. गुण जेमतेम. तिचं काय होणार, हा प्रश्न गावात कुणाला पडलाच नव्हता, कारण उत्तर ठरलेलं होतं. बाप खाणीत आहे, तीही खाणीत लागेल. आता मुलींनाही घेतात, पगार चांगला असतो.

ती नववीत गेली त्या वर्षी शाळेत विज्ञान शिकवायला काइसा लाहती आली. ती आमच्याच गावची पोर. फिनिश लोकांच्या गल्लीत वाढली, पश्चिमेला लांब कुठं जाऊन खडकांचं शास्त्र शिकली, आणि चांगली नोकरी सोडून परत आली. उंच, हडकुळी, कायम चिखलाचे बूट घातलेली. पोरं तिला लाहतीबाई म्हणायला लागली. पहिल्याच महिन्यात ती माझ्याकडं येऊन म्हणाली, "मला एका दुपारी तुमची बस हवी. वर्गात बसून हे शिकवता येणार नाही."

गावाबाहेरच्या धबधब्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला एक बोडका खडक आहे, तिथं आम्ही गेलो. थंडी नुकती पडायला लागली होती. बाईनं पोरांना खडकासमोर उभं केलं आणि विचारलं, "चंद्रावर जाणारी माणसं आपल्या गावी का आली होती?"

"कारण गाव ओसाड होतं," सगळे एका सुरात म्हणाले. पाढे म्हणावेत तसे.

"कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात, बाई. माझे आजोबासुद्धा," रेन्झो म्हणाला. रेन्झो फाब्रो हा वर्गात पहिला येणारा मुलगा. त्याच्या शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं.

बाईनं पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि खडकावर ओतली. धूळ वाहून गेली आणि दगडावर रेषाच रेषा दिसायला लागल्या. एका टोकापासून निघून पसरत गेलेल्या, घोड्याची शेपटी विंचरून ठेवावी तशा. त्या रस्त्यावरून मी हजारदा बस नेली असेल, पण कधी पाहिल्या नव्हत्या.

"हे कशानं झालं?"

"बर्फानं?" "सुरुंगानं?" "पावसानं?"

"शेकडो कोटी वर्षांपूर्वी," बाई म्हणाली, "डोंगराएवढा एक दगड आकाशातून आला आणि इथं आदळला. इथंच. आपली घरं, शाळा, खाणी, सगळं त्या खड्ड्यात आहे. त्या दणक्याचा धक्का खडकातून गेला, त्याच्या ह्या खुणा. तुमचे आईबाप खालून जे निकेल काढतात तेही त्या दणक्याचंच देणं. आणि चंद्र म्हणजे असल्या खड्ड्यांनी भरलेला गोळा. ओसाड जागाच हवी असती तर त्या लोकांना घराजवळची वाळवंटं होती की! ते इतक्या लांब आले ते आपले दगड वाचायला शिकायला. आपण त्यांचे गुरुजी होतो, पोरांनो. आणि आपणच लाजत बसलोय."

मी बसच्या दारात उभी होते, आणि मला एकदम टोरंटोचं ते लग्न आठवलं. किती वेळा, किती लोकांसमोर मी मान खाली घालून हसले होते! त्या दुपारी बसचं दार लावताना मी ते जरा जोरातच ओढलं.

मग बाईनं खेळ सुरू केला. बसच्या सगळ्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली, बाहेरचं काही दिसू नये म्हणून. वर्ग आत बसवला, कागद-पेन्सिली घेऊन. एकाला वॉकीटॉकी देऊन टेकडीमागं पाठवलं. बाहेरच्यानं फक्त बोलायचं, आतल्यांनी फक्त ऐकून चित्र काढायचं. बाहेरचा म्हणजे चंद्रावरचा माणूस, आणि माझी बस म्हणजे पृथ्वी.

पहिला रेन्झो गेला. त्यानं पुस्तक आधीच वाचलं होतं. वॉकीटॉकीतून एकापाठोपाठ एक मोठमोठे शब्द यायला लागले, अमुक प्रकारचा खडक, तमुक काळातला. आत पोरं एकमेकांची तोंडं बघत बसली. परत येऊन त्यानं चित्रं पाहिली. कुणी बटाटा काढला होता, कुणी ढग.

मग आणखी दोघं-तिघं गेली. शेवटी बाई म्हणाली, "ओडेट, तू जा."

"मी? पण मला त्यातलं काहीच येत नाही, बाई."

"उत्तम. दिसतं ते सांग. वाटतं ते नंतर."

पोरगी गेली. थोडा वेळ नुसती खरखर. आणि मग तो आवाज आला, माझ्या पाठीमागून रोज येणारा. "बस, बस, ऐकू येतंय का? मी टेकडीच्या मागं, उजवा खांदा रस्त्याकडं. समोर एक दगड, माझ्या कमरेइतका. माझ्याकडं पाठ करून बसलेल्या गायीसारखा. गायीच्या मानेपाशी भेग आहे, त्यात माझा अंगठा जातो, करंगळीएवढी जागा उरते. भेगेच्या डावीकडं रंग ओल्या राखेचा, उजवीकडं गंजलेल्या तव्याचा..."

पेन्सिली भराभर चालायला लागल्या. मीसुद्धा हजेरीच्या कागदाच्या पाठीमागं काढायला घेतलं, आणि मला शाळेत चित्रकलेत भोपळा मिळायचा. आम्ही सगळे बाहेर जाऊन बघतो तो काय, गाय बसली होती! सगळ्यांच्या कागदावर एकच गाय, मानेला भेग, दोन रंग.

रेन्झो आपलं चित्र हातात धरून दगडाकडं बघत राहिला. मग ओडेटला म्हणाला, "मला शिकव हे."

"तू मला ते मोठे शब्द शिकव," ती म्हणाली.

तिथून त्या दोघांची जोडी जमली. पुढची तीन वर्षं माझ्या पाठीमागच्या सीटवर दोघं बसायची. तो तिला दगडांची नावं सांगायचा, ती त्याला दगड कसा बघायचा ते. बाईनं शनिवारचा गट काढला. तिथं ती पोरांना सांगायची, की वर जाणारी माणसं मूठभर, पण त्यांच्यासाठी खाली शेकडो लागतात. कुणी त्यांचा पोशाख शिवतं, कुणी जेवण आखतं, कुणी यंत्रं बनवतं, कुणी त्यांचं बोलणं ऐकून पुढं कुठं जायचं ते ठरवतं. "यातलं काहीही तुम्ही करू शकता," ती म्हणायची, "आणि मी हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. माझ्याकडं तेवढा वेळ नाही." ज्या मुलीला वर्गाबाहेर काढायचे तिला आता गणितात चांगले गुण पडायला लागले, कारण बाईनं स्पष्ट सांगितलं होतं, नुसत्या तोंडावर चंद्र मिळत नाही.

रेजाँला मात्र हे पटत नव्हतं. तो दुष्ट नव्हता, सरळ माणूस होता. एका रविवारी आमच्याकडं जेवायला आले होते. मी कणकेच्या पारीत खिमा भरून भाजला होता. ओडेट शेवटच्या वर्षात होती, आणि खाणीत शिकाऊ म्हणून नाव घालायची वेळ आली होती.

"पपा, मला भूगर्भशास्त्र शिकायचंय. पुढं चंद्राच्या मोहिमांवर काम करायचंय," ती म्हणाली.

रेजाँनं घास गिळला. "चंद्रावर किती लोक जातात?"

"मी जाणार नाही रे. जाणाऱ्यांना शिकवायचं, खालून त्यांच्याशी बोलायचं..."

"ते काम किती लोकांना मिळतं?"

ती गप्प. तिला गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"खाणीत दरवर्षी माणसं लागतात," तो म्हणाला. "तुझ्या आजोबांना घेतलं, मला घेतलं. मी नाही म्हणत नाही, पोरी. पण तिथं तुझ्या ओळखीचं कोण आहे? आपल्यातलं कोण आहे तिथं?"

गास्ताँनं उगाच हॉकीचा विषय काढला.

त्याच शरदात बातमी आली. अंतराळवीर व्हायला निवडलेली नवी माणसं खडकांचं शिक्षण घ्यायला आमच्याकडं येणार होती. जुन्या लोकांनंतर पुन्हा आमच्याच दगडांपाशी! आणि शेवटच्या दिवशी आसपासच्या शाळांसाठी एक स्पर्धा होणार होती. आमच्या बसमधलाच खेळ, फक्त मोठा. प्रत्येक शाळेची एक मुलगी किंवा मुलगा टेकडीमागं, तीन जण तंबूत. ऐकून नकाशा काढायचा आणि नमुने कुठून उचलायचे ते ठरवायचं. सगळं बोलणं लाउडस्पीकरवरून बाहेरच्या लोकांना ऐकू जाणार. परीक्षक होत्या डॉक्टर हॅलोरन, त्या शिकाऊ अंतराळवीरांच्या शिक्षिका. केस पांढरे, चेहरा उन्हानं रापलेला, उभं आयुष्य डोंगरांत घालवलेली बाई.

आमचा अख्खा गाव लोटला. सॉसेज भाजायची शेगडी आली, घड्या घालायच्या खुर्च्या आल्या. निळ्या जॅकेटमधले ते शिकाऊ अंतराळवीर पोरांच्या टोप्यांवर सह्या करत होते. टोरंटोच्या एका शाळेचा संघही आला होता, चौघांचे एकसारखे कोट, हातात भारी होकायंत्रं. उगाच नावं ठेवणार नाही, मुलं गुणी होती. त्यांचा मुलगा टेकडीमागून असा नेटका बोलला, की त्यांच्या तंबूतला नकाशा छापल्यासारखा उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीसुद्धा.

आमची पाळी शेवटी. ओडेट निघाली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मी तिच्या टोपीची दोरी बांधून दिली. "मावशी, नवा बूट चावतोय."

"मग तेही सांग. दिसतं ते आणि दुखतं ते."

ती हसली आणि गेली. तंबूत रेन्झो आणि आणखी दोघी. आमच्या संघाचं खुणेचं नाव त्यांनी "बस" ठेवलं होतं. तेवढ्यात गास्ताँनं मला कोपरानं ढोसलं. गर्दीच्या मागं रेजाँ उभा होता. शिफ्टवरून थेट आलेला, डोळ्यांभोवती काळी रिंगणं, हातात जेवणाचा डबा.

"बस, बस, ऐकू येतंय का?" स्पीकरवरून आवाज आला. सुरुवातीला अडखळला, मग वाहायला लागला. लोकांनी खाणं थांबवलं. तिच्या बोलण्यातून टेकडीची मागची बाजू आमच्यासमोर उभी राहत गेली. इथं शेपटीच्या रेषा, टोक वर, आकाशाकडं. तिथं पायऱ्या पायऱ्यांचा करडा खडक. त्याच्या वर एक मोठा काळा खडक बसलेला, भाकरीवर लोणी ठेवावं तसा. "काळा वर आहे, करडा खाली. म्हणजे काळा नंतर आला असावा," ती म्हणाली. तंबूच्या जाळीतून दिसत होतं, रेन्झोचा हात थांबत नव्हता. त्या काळ्या खडकावरच त्यानं सगळा आराखडा उभा केला. आधी काय घडलं, मग काय, नमुना कुठून घ्यायचा. नकाशा टोरंटोवाल्यांपेक्षाही देखणा होत चालला होता. लाहतीबाई नखं खात होती.

आणि एकाएकी स्पीकर गप्प झाला.

लोक एकमेकांकडं बघायला लागले. वेळ संपत आली होती. गास्ताँ म्हणाला, "बॅटरी गेली का काय?"

मग आवाज आला. हळू, पण स्वच्छ. "बस, ऐका. मी आता मागून फिरून आले. तो काळा दगड जागचा नाही. वरच्या कड्यावरून घरंगळून इथं येऊन पडलाय. त्याच्याखाली माती आहे, माझा हात जातोय. मी पुढून बघितलं आणि मागून न बघता सांगितलं. चूक माझी आहे. काळा खडक पुसा. त्याच्यावर जे रचलं असेल ते सगळं पुसा."

तंबूत रेन्झोनं दोन्ही हात डोक्याला लावले. मग खोडरबर घेतला आणि पुसायला लागला. तो देखणा नकाशा आमच्या डोळ्यांदेखत पुसला गेला. उरलेल्या वेळात जेमतेम अर्धा भरला. शिट्टी वाजली तेव्हा कागदाच्या मधोमध मोठी पांढरी जागा होती.

माझ्या शेजारची बाई हळहळली, "कशाला सांगितलं हो! कुणाला कळलं असतं?"

पहिला नंबर टोरंटोला गेला, आणि तो रास्त होता. आमचा दुसरा. ओडेट मान खाली घालून उभी होती, रेन्झोनं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. बक्षीस देऊन झालं आणि डॉक्टर हॅलोरननी पुन्हा माइक घेतला.

"ज्यांचा नकाशा चांगला त्यांना बक्षीस दिलं," त्या म्हणाल्या. "आता मी माझ्या विद्यार्थ्यांशी बोलते," आणि त्या वळल्या निळ्या जॅकेटवाल्यांकडं. "वर गेल्यावर तुम्हाला कुणी बघत नसतं. खाली आम्ही आंधळे असतो, तुमच्या शब्दांवर चालतो. सगळं जग ऐकत असतं आणि तुम्हाला हुशार दिसायचं असतं. अशा वेळी 'मी चुकले, पुसा' हे म्हणायला मला तुम्हाला कित्येक वर्षं शिकवावं लागतं. ही मुलगी ते शिकूनच आलीय. कुठून शिकली, मला ठाऊक नाही."

तेव्हा गर्दीच्या मागून आवाज आला. "घरून."

सगळ्यांनी वळून पाहिलं. रेजाँ. दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस, एवढ्या लोकांत! त्याचा चेहरा काळ्या रिंगणांभोवती लालबुंद झाला होता. पण आता सुरुवात झाली होती, तेव्हा त्याला पुढं बोलणं भाग होतं.

"खाणीत, बाईसाहेब, छप्पर ठीक आहे असं सांगून बसलेला माणूस नंतर म्हणतो, 'थांबा, मी नीट बघितलं नव्हतं.' काम थांबतं, शिव्या बसतात. पण आम्ही खाली उतरतो ते अशाच माणसाबरोबर. दुसऱ्याबरोबर नाही." त्यानं डबा ह्या हातातून त्या हातात घेतला. "माझी मुलगी आहे ती."

टाळ्या कुणी सुरू केल्या माहीत नाही. बहुतेक लाहतीबाईनं. मी तर रडत होते, मला काही दिसत नव्हतं.

परत जाताना ओडेट बापाच्या गाडीत बसायच्या आधी मी ऐकलं. तो म्हणत होता, "जा. शीक."

"पण पपा, तूच म्हणालास, तिथं आपल्यातलं कोण आहे?"

"आज सकाळपर्यंत कुणी नव्हतं," तो म्हणाला. "बस गाडीत. थंडी वाजतेय."

पुढचं काही सोपं नव्हतं, ते सांगितलंच पाहिजे. आधी ती आमच्याच गावच्या विद्यापीठात शिकली, मग पश्चिमेला, मग पार उत्तरेला, बर्फातल्या असल्याच दणक्यानं झालेल्या एका खड्ड्यात तिनं उन्हाळेच्या उन्हाळे तंबूत काढले, अस्वलांच्या भीतीनं उशाला बंदूक घेऊन. अंतराळ संस्थेनं तिला दोनदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा नकार आला तेव्हा ती घरी आली, एक वर्ष खाणीतच खडक तपासायचं काम केलं. त्या वर्षी मी तिला डोनटच्या दुकानात भेटले.

"काय गं, दमलीस?"

"दमले, मावशी. पण माझं बघून झालेलं नाही अजून. दगडाची मागची बाजू बाकी आहे." आणि माझा डोनट अर्धा मोडून घेतला, न विचारता. तेव्हा मला वाटलं, पोरगी ठीक आहे.

रेन्झो दक्षिणेला गेला. चंद्रावर पाणी न घालता खडक पोखरता येईल असं ड्रिल बनवणाऱ्यांत तो आहे. गॅस्केट का काय ते तापलं, की रेजाँला फोन करून त्याचं डोकं खातो. लाहतीबाईच्या शनिवारच्या गटातली आणखी पोरं निघाली. एक जण उपग्रहांचे संदेश पकडणाऱ्या केंद्रात आहे, एक मुलगी अंतराळवीरांच्या हाडांवर अभ्यास करते. आणि बरीचशी इथंच खाणीत आहेत, मजेत आहेत. त्यांचीही पोरं आता शनिवारी जातात. शनिवारची बस मी पैसे न घेता चालवते. थट्टा अजूनही कुणीतरी करतंच. परवा अमेरिकेतल्या बफेलो शहरातून आलेल्या एका माणसानं केली, तर गटातल्या नऊ वर्षांच्या पोरीनं त्याला अर्धा तास उभं करून खड्ड्याचा सगळा इतिहास ऐकवला. बिचाऱ्याची कॉफी गार झाली.

ओडेटला नोकरी लागल्याचा फोन आला तो मंगळवारचा दिवस. चंद्रावर जाणाऱ्या तुकडीला खडक बघायला शिकवायचं, आणि ते वर असताना खालच्या खोलीत बसून त्यांच्याशी बोलायचं, त्या गटात तिला घेतलं होतं. तिनं घरी फोन केला. आई, जिनेट, तिनं तो घेतला. रेजाँ जमिनीखाली होता, शिफ्ट अजून अर्धीही झाली नव्हती. जिनेटला धीर धरवेना. तिनं खाणीवर फोन लावला, आणि तो माझ्या नवऱ्याच्या हातात गेला.

खाणीच्या रेडिओवर खासगी बोलायचं नाही असा नियम आहे. गास्ताँनं उभ्या आयुष्यात कधी नियम मोडला नाही. त्या दिवशी त्यानं सगळ्या थरांना ऐकू जाईल असं बटण दाबलं आणि सांगितलं, "वरून सगळ्यांना. रेजाँ गॉद्रोच्या मुलीला चंद्राच्या मोहिमेवर घेतलंय. ती त्यांना दगड शिकवणार आहे. पुन्हा सांगतो, आपल्या ओडेटला घेतलंय."

खाली ड्रिलं थांबली. एकेका थरावर शांतता झाली. गास्ताँ म्हणतो, त्याला क्षणभर वाटलं की आपण काहीतरी भलतंच केलं. मग खालून, फार खोलून, टण्ण असा आवाज आला. कुणीतरी पाण्याच्या लोखंडी पाइपवर पाना मारला होता. मग दुसरा, मग तिसरा. मग वरच्या थरावरचे, मग त्याच्या वरचे. शेकडो माणसं पाइपांवर पाने, हातोडे, जेवणाचे डबे, जे हाताला लागेल ते मारत होती आणि तो आवाज लिफ्टच्या बोगद्यातून वर चढत होता. गास्ताँनं फोन तसाच बोगद्याच्या तोंडाशी धरला, जिनेटला ऐकू जावा म्हणून. वरच्या ऑफिसातल्या मुली बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबानं त्याला बोलावून विचारलं, "काल काम किती वेळ बंद होतं?"

"माहीत नाही, साहेब," गास्ताँ म्हणाला. "मी ऐकत होतो."

साहेबाचा बापही ड्रिलवरच होता. त्यानं हातातला कागद बाजूला ठेवला, खुर्ची ओढून दिली आणि म्हणाला, "बस. कसा होता आवाज, सांग."